आटीत शहात्तर

कौन्सिलच्या छापील कामकाजात
पान दोनशे अकरावर एवढंच आहे:
'श्री. पैकूजी बारापात्रे मराठीत बोलले.'
पुढच्या ओळीत दुसरा सदस्य, दुसरा विषय,
कुठल्याशा पुलाची दुरुस्ती.

मी तिथं होतो.
प्रेक्षकांच्या बाकावर, मांडीवर टोपली,
टोपलीत सुताच्या सात लड्या.
पट्टेवाला दर थोड्या वेळानं विचारायचा,
'काय हाय बे त्याच्यात?'

दुकान इतवारीत. फळ्या लागल्या की
कंदिलाच्या उजेडात आम्ही मिलचे गठ्ठे सोडायचो,
लड्या उलगडून फाळक्यावर पुन्हा घ्यायचो.
लडीत सात आट्या, आटीत ऐंशी फेरे, हा मिलचा हिशेब.
आमचा शहात्तर.
उरलेले चार खाली पेटीत पडत.
पैकूजींनी हे कधी तोंडानं सांगितलं नाही.
शहात्तर झाले की खोकायचे फक्त.

त्या चार-चार फेऱ्यांतून माडी चढली,
धंतोलीत जागा झाली, एक मोटार आली,
चालवायला तिला पगारी माणूस
आणि ढकलायला आम्ही.

मग कोणीतरी म्हणालं, सेठ, उभे राहा.
मत त्यालाच, जो कर भरी.
तांडापेठेच्या आमच्या गल्लीत तीनशे माग
आणि मतं दोन.
निवडून आले तेव्हा बुंदी वाटली.
द्रोण हातात धरून माझा बाप म्हणाला,
'आपला मानूस गेला आत.'

माझा बाप.
त्याच्या मागावर पातळ दर वेळी वीतभर कमी भरायचं.
तो ताणा मोजायचा, पुन्हा मोजायचा,
मग स्वतःची बोटं बघायचा दिव्यापाशी.
'हात आखडला वाटते माया,' आईला म्हणायचा.
मी भाकरी खात असायचो.

पैकूजींनी बिल आणलं, सुताच्या मापाचं.
लडी आखूड देईल त्याला दंड.
वकिलानं लिहून दिलेलं इंग्रजी ते वाचत होते,
नव्या जोड्यांत पाय चावतात
तसं एकेका शब्दावर थांबत.
एक बॅरिस्टर उठले. आवाज गोड.
सदस्यांना इतकं नेमकं कसं ठाऊक
की आटीत चारच फेरे कमी असतात?

हसले सगळे. साहेबही हसला.

पैकूजींनी कागद खाली ठेवला,
चष्मा काढून कागदावर ठेवला.
'मले ठाऊक नसन त कोनाले असन?
मीच कापतो ना बाप्पा.
बावीस वर्सं झाले.
थो पोट्टा बसला वरतं, त्याले इचारा.'

माना वळल्या. मी टोपली पोटाशी धरली.
खाली लघुलेखक पेन्सिलीचं टोक तासत बसला होता,
मराठी त्याच्या कामात नव्हती.

बिल समितीकडे गेलं
आणि समिती उन्हाळ्यासाठी पचमढीला गेली.
इतवारीनं पैकूजींना पंगतीला बोलावणं सोडलं.
पुढच्या निवडणुकीत मतं एकतीस.

का सांगितलं, मी विचारलं नाही.
त्या दिवशी परत येताना
मोटार बर्डीच्या चढावर बंद पडली
तेव्हा ते खाली उतरले, पगडी मला दिली,
आणि मागून खांदा लावला.
'जोर लाव बे,' एवढंच.

पुढं रात्री ते स्वतः फाळक्यावर बसायचे.
आटीत चौऱ्याऐंशी घेत.
कोष्टी म्हणायचे, सूत भारी लागते आजकाल,
पाणी मारते का काय हा म्हातारा?
त्यावरही ते खोकायचे.

बापाला मी सांगितलं नाही.
तो गेला तेव्हा बोटं सरळ करून ठेवली त्याची,
चांगली लांब होती.

आता झोप येत नाही तेव्हा मोजत पडतो.
शहात्तरला जीभ आपोआप थांबते,
अंधारात कोणी खोकेल म्हणून वाट बघते.
मग मोठ्यानं म्हणतो,
घरातले जागे झाले तरी चालेल:
सत्त्याहत्तर. अठ्ठ्याहत्तर.
एकोणऐंशी.